जगाची चव आपल्या चुलीवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशी पदार्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलचे बिल आणि सॉसच्या बाटल्या उभ्या राहतात. पण कोणत्याही देशातल्या कष्टकऱ्यांचे रोजचे जेवण पाहा. ते स्वस्त, पोटभरीचे आणि शेतात पिकते त्याचेच असते. म्हणून आज मी श्रीमंतांच्या मेजवान्या सोडून साध्या घरांतले तीन पदार्थ आपल्यापुढे ठेवणार आहे.

परक्याचे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मिरची, बटाटा, टमाटा, कोहळे ही सारी मूळची अमेरिका खंडातली. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. आज तिच्यावाचून झाडीपट्टीतल्या बाईचे पान हलत नाही! आपणही जगाला दिले आहे. आपली खिचडी इंग्रजांनी उचलली, तिच्यात मासे व अंडी घातली आणि ‘केजरी’ म्हणून न्याहारीला घेतली.

पहिला पदार्थ चीनचा. आपला भंडारा जिल्हा धानाचा. गिरणीत तांदूळ सडताना जी कणकी निघते ती अखंड तांदळापेक्षा स्वस्त मिळते. चिनी घरांत तांदळाची पातळ पेज सकाळी खातात. इंग्रजीत तिला ‘काँजी’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात तमिळ आहे. एक वाटी कणकी धुऊन अर्धा तास भिजवावी, आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवावी. दाणा विरघळून खिरीसारखी झाली की मीठ व किसलेले आले घालावे. वरून भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात आणि थोडे लोणचे. आजाऱ्याची पेज म्हणून तोंड वाकडे करणारी मुलेही ही वाटी मागून घेतात.

दुसरा पदार्थ इजिप्तचा. त्याचे नाव कोशरी. कैरोच्या रस्त्यांवर तो गाडीवाल्यापासून साहेबापर्यंत सारे खातात. एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी अख्खा मसूर वेगवेगळे शिजवावे. मूठभर शेवया भाजून मोकळ्या उकडाव्या. वाटीभर भिजवलेले हरभरे मऊ करावे. चार टमाट्यांचा रस लसूण व तिखट घालून आटवावा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घालावे. नसल्यास लिंबू चालते. ताटात थरावर थर देऊन वर हा रस आणि कुरकुरीत तळलेला कांदा घालावा. भातात जे उणे असते ते डाळ भरून काढते, म्हणून ही जोडी जगभर जमलेली आहे. चार माणसांचे जेवण होते आणि भाजी वेगळी करावी लागत नाही.

तिसरा पदार्थ हैतीचा. त्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. हैती ही फ्रेंचांची वसाहत होती. तेथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम मालकांसाठी कोहळ्याचे सार रांधत; पण त्यांना स्वतःला ते चाखण्याची मुभा नव्हती. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी घरोघरी तेच सार करतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. २०२१ साली युनेस्कोने या प्रथेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

ते मांस घालून करतात. आपण त्यावाचून करू. पाव किलो कोहळे उकडून घोटावे. गंजात थोड्या तेलावर कांदा, लसूण, एक हिरवी मिरची परतावी. बटाटा, गाजर, पत्ताकोबीच्या फोडी आणि चार-पाच वाट्या पाणी घालावे. फोडी शिजल्या की घोटलेले कोहळे व मूठभर शेवया घालाव्या. उतरताना लिंबू पिळावे, सांबार भुरभुरावा.

भगिनींनो, ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. रांधणारीने चाखायचे नाही, हा नियम हैतीत संपला. आपल्या किती घरांत संपला? सर्वांचे झाल्यावर गंजाच्या तळाशी उरेल ते घरची बाई खाते, आणि डाळ बहुधा उरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. मसुरात लोह असते, लिंबाने ते अंगी लागते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याला अडवतो. पण आपल्या ताटात डाळच पडली नाही, तर लिंबू काय करणार?

म्हणून एवढेच करा. यांतला कोणताही पदार्थ केला की आधी माणसे मोजा, स्वतःला धरून मोजा, आणि तितक्या वाट्या एकदमच भरा. सासूबाई असोत वा सूनबाई, सर्वांनी एका पंगतीला बसावे. याला जास्तीचा एक पैसाही लागत नाही.