जुना ट्रॅक्टर घेताना



पाडवा झाला की जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. ट्रॅक्टर घेताना मात्र नवा रंग पाहून इसार देऊन मोकळे होतो. आमच्या माहितीतील एका शेतकऱ्याने बैलजोडी विकून असाच ट्रॅक्टर घेतला. ऐन पेरणीत लिफ्टने दगा दिला. दुरुस्ती होईतो वाफसा निघून गेला. तशी पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

इंजिन : पाहायला सकाळीच जा. आधी इंजिनला हात लावा. गरम लागले तर मालकाने अगोदरच चालू करून ठेवले, असे समजा. ते गार होऊ द्या. गार असतानाच ऑईलची पट्टी काढून पाहा. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नसावा. मग इंजिन सुरू करा.

धूर : सुरुवातीला थोडा धूर निघणारच. पण इंजिन तापल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑईल जळते आहे. रिंगा, लायनर झिजले असण्याचा संभव आहे. हे काम खर्चाचे. सारखा काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा एअर क्लीनर तपासा. पांढरा धूर थांबतच नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे.

लिफ्ट आणि गिअर : नांगर जोडून उचला व इंजिन बंद करा. नांगर भराभर खाली आला तर लिफ्टमध्ये गळती आहे. नंतर रानात नांगर लावून एकेक गिअर टाकून पाहा. गिअर आपोआप निसटता कामा नये. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिन गेली आहे. सांध्यावर वेल्डिंग दिसले तर कारण विचारा.

सुटे भाग : एच.एम.टी.ने १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा बंद पडलेल्या बनावटीचा ट्रॅक्टर घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात का, हे दुकानात जाऊन विचारा.

कागदपत्रे : इंजिन व चेसिस नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहा. त्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला व नमुना ३५ घ्या. नावावर करण्यासाठी नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या लागतात. त्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शेवटी एकच. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, मात्र तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. त्याची मजुरी खुशाल द्या; ती लायनर बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.