रिकाम्या आतड्याचे काम

(वर्धापनदिनाच्या सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे निवेदन अहवालात पुढे छापलेले आहेच. आज आम्ही अशा एका खर्चाविषयी बोलणार आहोत, जो मंजूर करण्यास आमच्याकडून विलंब झाला.

गतवर्षी आपल्या स्त्री-विभागात शेतमजुरी करणारी एक भगिनी दाखल झाली. पोट फुगलेले, उलट्या होत असलेल्या, वजन घटत चाललेले. आतड्यात अडथळा आहे असे समजून अन्यत्र तिच्यावर दोन वेळा शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन्ही वेळा अडथळा सापडला नव्हता. तिसऱ्यांदा पोट उघडण्यापूर्वी लहान आतड्यातील दाबमापनाची चाचणी करावी, असे आमच्या डॉक्टरांनी सुचविले. ही सोय आपल्याकडे नाही. रुग्णास मोठ्या शहरी पाठवावे लागणार होते. गरीब रुग्ण निधीचा अर्ज आमच्यापुढे आला. आम्ही त्यावर शेरा लिहिला : 'ही चाचणी आहे, उपचार नव्हे. आवश्यकता स्पष्ट करावी.' वाणिज्य शाखेच्या पदवीधरास तो शेरा निर्दोष वाटला होता.

अखेर डॉक्टर स्वतः आले आणि कोऱ्या कागदावर रेघा ओढून त्यांनी आम्हांस समजावले. जेवण जिरले की आतडे स्वस्थ बसते, अशी आमची समजूत होती. वस्तुस्थिती निराळी आहे. उपाशीपोटी तेथे सुमारे दीड ते दोन तासांचे एक चक्र चालते. प्रथम शांतता, मग अनियमित आकुंचने आणि शेवटी ५ ते १० मिनिटे तालबद्ध, जोरकस आकुंचनांची लाट. आतड्याच्या आरंभी मिनिटाला ११-१२ आणि शेवटाकडे ७-८ आकुंचने होतात. ही लाट उरलेसुरले अन्नकण व जंतू खाली लोटीत जाते. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, त्यातले काही आवाज या सफाईचेच! घास पोटात गेला की हे चक्र थांबते व अन्न घुसळण्याची वेगळी हालचाल सुरू होते. झुर्शेव्स्की यांनी १९६९ मध्ये ही सरकती लाट कुत्र्यांमध्ये नोंदविली. १९७७ मध्ये व्हानट्रापेन व सहकाऱ्यांनी माणसांतील अभ्यासात, ही लाट बिघडलेल्या रुग्णांच्या आतड्यात जंतू बेसुमार वाढल्याचे दाखविले.

चाचणीत दाबमापक बसविलेली बारीक नळी नाकावाटे लहान आतड्यापर्यंत सोडतात. काही तास उपाशीपोटी आणि नंतर जेवण देऊन आलेख घेतात. आकुंचने क्रमाने येत असून दुबळी असतील तर दोष स्नायूंत असण्याचा संभव; जोर पुरेसा पण क्रम विस्कटलेला असेल तर मज्जातंतूंत. यांपैकी कोणताही दोष सुरीने काढून टाकण्याजोगा नसतो. हे वाक्य ऐकल्यावर आम्ही अर्जावर सही केली. पण तोवर १९ दिवस उलटले होते. एवढ्या काळात ती भगिनी सलाईनवर होती, तिच्या यजमानांची मजुरी बुडत होती आणि खाटेचा खर्च आपल्याच खात्यावर चढत होता. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीनेही आमचे चुकलेच.

तिच्या आलेखात जोर होता, क्रम नव्हता. शस्त्रक्रियेचा विचार सोडून देण्यात आला. थोडे थोडे पातळ अन्न, जंतूंवर प्रतिजैविके आणि आतड्यास चालना देणारे औषध सुरू झाले. ती बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही; जानेवारीत तिला पुन्हा दाखल करावे लागले. मात्र पोटावर तिसरा व्रण नाही आणि भाताची पेज तिला पचते.

निदानासाठी बाहेर पाठवावयाच्या रुग्णांच्या अर्जावर दोन डॉक्टरांची शिफारस असल्यास दोन दिवसांत निधी द्यावा, असा ठराव विश्वस्त मंडळाने संमत केला आहे. त्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखविली आहे. देणगीदारांनी ती अवश्य पाहावी. आमच्या शेऱ्याचा तो मूळ अर्जही फाइलीत तसाच ठेवलेला आहे.