सात-बारावर नाव कोणाचे?



आज पगार-बोनस बाजूला ठेवून आम्ही गावाकडच्या जमिनीचा हिशेब मांडणार आहोत. कामगाराला शेतीशी काय करायचंय, असं ज्याला वाटतं त्यानं कामगार पाहिलेलाच नाही! इचलकरंजीचा मागवाला असो, सोलापूरचा असो, नाहीतर लालबाग-परळचा निवृत्त साचेवाला असो, त्याचा एक पाय खात्यात आणि दुसरा बांधावर. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा हजारो घरांची चूल पेटती ठेवली ती गावच्या चार गुंठ्यांनी.

ही जमीन आपल्याला कोणी ओंजळीत आणून दिलेली नाही. अलिबागेजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला. पोटाला चिमटा घेतला, पण खोताचं शेत पिकवलं नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध बिल आणलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणचा शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आला. मग १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. साध्या कुळाला किंमत भरायची होती ती साऱ्याच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. ते हप्ते कुठून गेले? किती घरांत ते गिरणीच्या मनीऑर्डरीतून गेले, हे आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं.

आता कराचं पाहा. शेतसारा आज नावापुरता उरलाय, आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यावरून शहरातले शहाणे म्हणतात, शेतकरी फुकट खातो. अहो, खतावर ५ टक्के जी.एस.टी. आहे, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के आहे. कारखानदार भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याच्या भातावर-भाजीवर कर लागत नाही, म्हणून वळता करायला त्याच्याकडे काही नसतंच. दुकानदाराला दिला तो गेला. सारा गेला आणि दुसऱ्या दारानं कर आत आला, एवढाच फरक.

म्हणजे शेत पिकून पैसा नाही, पण शेत विकून मात्र पैसा आहे, अशी आजची तऱ्हा. समृद्धी महामार्ग झाला, कोकणात रस्ता रुंदावतोय, आणि जिथं खाचराला गिऱ्हाईक नव्हतं तिथं दलाल चकरा मारतोय. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काका, ही कुळकायद्याची जमीन, हिला भाव नाही येत."

हे साफ खोटं आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळानं जमीन विकत घेतल्याला दहा वर्षं झाली असतील तर साऱ्याच्या आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती विकता येते. घेणारा शेतकरी हवा आणि तुकडेबंदी व कमाल मर्यादेचे नियम पाळायला हवेत. आकार पाच रुपये असेल तर ४० पट म्हणजे दोनशे रुपये! त्या दोनशे रुपयांचा बागुलबुवा दाखवून दलाल निम्म्यानं भाव पाडतो. (इनाम-वतनाच्या जमिनीचे नियम वेगळे, ते यात मिसळू नका.)

त्याचं दुसरं वाक्य याहून घातकी: "कागदावर कमी दाखवू, बाकीचे रोख." हे नीट ऐका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं पाहतात आणि त्यांतली चढ्या किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढतात. ती, किंवा सरकारी दर जास्त असेल तर तो, हा पाया. खेड्यात त्याला वर गुणक लागतो, आणि मग तेवढीच दिलासा रक्कम. आता समजा, गावात गुंठा ८०,००० ला जातोय आणि सगळे कागदावर सरकारी दराइतके ५०,००० लिहितायत. उद्या रस्ता आला तर गुणक सोडून दिला तरी गुंठ्यामागे ३०,००० चे दुप्पट, म्हणजे ६०,००० बुडाले. एकरात ४० गुंठे. चोवीस लाख रुपये! आणि बुडतो कोण? ज्यानं विकली तो पैसे घेऊन मोकळा. बुडतो शेजारचा, ज्यानं जमीन धरून ठेवली तो.

जमिनीचा भाव चढला की कामगाराच्या वाट्याला काय येतं, हे आपण गिरणगावात डोळ्यांनी पाहिलंय. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीची शहर, घरं आणि मालक अशी वाटणी होती. २००१ साली ती वाटणी मोकळ्या जागेपुरती करून टाकली, आणि टॉवर कोणाचे झाले ते सांगायला नको.

विकणं न विकणं ज्याचं त्यानं ठरवावं. पोरीचं लग्न असतं, आजारपण असतं. आम्ही कोणाला नावं ठेवणार नाही. पण विकायचीच तर पूर्ण किंमत खतावर लिहा. शेतजमीन खेड्यातली असेल तर विक्रीच्या नफ्यावर आयकर बसत नाही, मग लपवायचं कशाला? नगरपालिकेच्या हद्दीतली किंवा वस्तीच्या मानानं तिच्यापासून २, ६ वा ८ किलोमीटरच्या आतली असेल तर मात्र बसतो, तेवढं आधी तपासा.

आणि आधी सात-बारा काढा. त्यावर मेलेल्या आजोबांचं नाव, इतर हक्कात फिटलेल्या कर्जाचा बोजा, आणि शहरातल्या भावांचा पत्ताच नाही, अशी कितीतरी घरं आहेत. वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. उशीर झाला असेल तरी अर्ज द्या, पोच घ्या. बहिणींची नावं गाळू नका; त्यांचा हिस्सा कायद्यानं आहे, आणि त्यांची सही नसलेलं खत पुढं कोर्टात अडकतं. गणपतीला गावी जाल तेव्हा सगळे भाऊ-बहिणी एका ओटीवर असतात. कागद तेव्हाच उघडा.