व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाची उष्णता व तिचा बंदोबस्त

(ज्युबिलीनिमित्त वाघोली येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्हीं एका तापलेल्या पेटीविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या गायनमंडळांतील गिटार ज्या ध्वनिवर्धकांतून वाजते, त्यानें आम्हांस जो धडा दिला तो झांकून ठेवणें बरें नव्हे. कारण त्यांत एका मुलाचा जीव जातां जातां वांचला.

ती पेटी अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबानें मंडळास प्रेमानें दिली. तेथील घरगुती वीज 120 व्होल्टांची, येथील 230 व्होल्टांची. म्हणून आम्हीं मध्यें व्होल्ट उतरविणारा ट्रान्स्फॉर्मर बसविला आणि निश्चिंत झालों. पेटी पहिल्या दिवसापासून फार तापे. वैशाखांत वाघोलीचें ऊन 40 अंशांच्या घरांत जातें, तेव्हां आम्हीं सारा दोष उन्हास दिला आणि पेटीमागें टेबलफॅन लावून मोकळे झालों. महिन्याभरानें ऐन तालमींत आंतून जळका वास आला व धूर निघाला. एका चपळ मुलानें प्लग ओढून काढला आणि लागलीच मागून आंत हात घातला. आम्हीं त्याचें मनगट धरून तो हात मागें खेंचला. प्लग काढल्यावरही आंतील कंडेन्सरांत 400 व्होल्टांहून अधिक दाबाची वीज कांहीं काळ सांठून राहूं शकते, व ती मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. हें त्या मुलास ठाऊक नव्हतें. आम्हांस ठाऊक असून आम्हीं तें कधीं सांगितलें नव्हतें.

आतां मुळांत ही उष्णता कोठून येते तें पाहूं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली कांचेची कुपी. आंतील ऋणाग्र सातशें-आठशें अंशांपर्यंत तापविल्यावांचून त्यांतून इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहींत. सुटलेले कण भोंवतालच्या ॲनोड नांवाच्या पत्र्यावर आदळतात आणि तोही तापतो. ‘व्हॉक्स ए. सी. 30’ ह्या प्रसिद्ध विलायती पेटींत ‘ई. एल. 84’ जातीचे चार व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकाची तापतार सुमारें 5 वॅट खाते आणि ॲनोडची सोसण्याची मर्यादा 12 वॅटांची. ही पेटी त्या मर्यादेच्या जवळच चालते. म्हणजे गिटाराची तार छेडण्यापूर्वींच चार कुप्या मिळून 65 वॅटांच्या आसपास उष्णता देऊं लागतात. ही उष्णता रोग नव्हे. तिला वाट करून दिली कीं झालें. ज्यांच्या घरीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांस त्याच्या मागील पुठ्ठ्याचीं भोंकें आठवत असतील. तीं शोभेसाठीं नव्हतीं.

कित्येक पेट्यांत व्हॉल्व्ह वटवाघुळाप्रमाणें खालीं डोकें करून टांगलेले असतात. उष्ण हवा वर चढते, आणि वर असतात कंडेन्सर, ज्यांचें आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीस जवळजवळ निम्में होतें. ह्यास्तव पेटी भिंतीपासून वीतभर दूर असावी, आणि तिच्यावर गाण्याच्या वह्या रचूं नयेत. भगिनींनीं विणलेलें सुंदर झांकण आम्हांसही प्रिय आहे. परंतु तें पेटी पूर्ण निवाल्यावरच घालावें. आपल्याकडील दगडखाणींची धूळ तर सर्वांच्या परिचयाची. पंखा तीच धूळ आंत ओढतो, म्हणून थंड पेटीच्या जाळ्या मऊ कुंचल्यानें बाहेरून वरचेवर झाडाव्या.

दुसरी उष्णता मात्र दोषाची असते, आणि तिच्यावर पंखा घालणें म्हणजे ताप आलेल्या मनुष्यास नुसता वारा घालणें होय. व्हॉल्व्हमधील तापतार नारिंगी दिसते, तें ठीक. पण भोंवतालचा पत्राच लाल होऊं लागला तर त्याच क्षणीं वीज बंद करावी. बहुधा बायस बिघडलेला असतो. ‘ई. एल. 34’ च्या ॲनोडची मर्यादा 25 वॅट. 450 व्होल्टांवर तिच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच जावयाचें, तर स्वस्थ स्थितींत प्रत्येक व्हॉल्व्हमधून सुमारें 39 मिलिअँपिअर प्रवाह जावा. हें काम जाणत्या कारागिराचें आहे, गायकाचें नव्हे. त्याचप्रमाणें 220 व्होल्टांसाठीं केलेली पेटी 240 वर चालविल्यास तापतारेस दाब नऊ टक्के अधिक मिळतो, आणि पेटी विनाकारण भाजते.

आमच्या पेटीचा दोष ह्याहून गुप्त होता. अमेरिकेची वीज सेकंदास 60 आवर्तनें करते, आपली 50. मधला ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवितो, आवर्तनें बदलीत नाहीं. 60 साठीं बेतानें केलेल्या ट्रान्स्फॉर्मरच्या लोखंडावर त्यामुळें चुंबकत्वाचा भार एकपंचमांशानें वाढतो. लोखंडास तो न पेलल्यास तारांतून निष्कारण प्रवाह वाहतो व वेटोळीं जळतात. सगळेच जळतात असें नाहीं, आमचा जळला. पंख्यानें कुप्या थंड राहिल्या, म्हणून आतील होरपळ आम्हांस महिनाभर कळलीच नाहीं.

पुण्याच्या बुधवार पेठेंतील बाजारांत विचारपूस करून आम्हीं 230 व्होल्ट आणि 50 आवर्तनांचा नवा ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून घेतला. पेटी आतां तास-दोन तास वाजली तरी ट्रान्स्फॉर्मरवर तळहात ठेवतां येतो. पंखा काढलेला नाहीं, पण तो लहान आहे, वेगळ्या विजेवर मंद चालतो. सभा संपल्यावर ज्यांस इच्छा असेल त्यांनीं मागच्या खोलींत येऊन पेटी पाहावी. झांकण आम्हीं स्वतः काढून दाखवूं. मुलांनीं हात पाठीमागें ठेवावे.