कपाळावरची आठी



माझ्या सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली आणि ती काढण्यात माझा सव्वा महिना गेला. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. आठी पडली ती त्यांच्या चित्रावर, कुरियरच्या पाकिटातून येताना.

माझी लेक बंगळूरला असते. तिनं आजीचा जुना फोटो देऊन त्याचं डायमंड पेंटिंग तयार करवून घेतलं आणि ते परस्पर माझ्या पत्त्यावर पाठवलं. वर फोन केला, "आई, दुपारी तुला वेळ असतो, तूच कर." पाकीट वहीएवढं. आत आठपदरी घडी केलेला कॅनव्हास, खड्यांच्या पुड्या, एक पेन, गुलाबी मेणाची चिमुकली वडी आणि खडे ओतायला खाचांची तबकडी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाव डायमंड पेंटिंग असलं तरी यात हिरा नाही आणि रंगाचा थेंबही नाही. कापडावर चित्र छापलेलं असतं, त्याचे बारीक बारीक चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात एक खूण असते. त्यावर चिकट गोंदाचा थर आणि गोंदावर पातळ प्लास्टिक. प्लास्टिक उचलायचं, पेनच्या टोकाला मेण लावून खडा टिपायचा आणि खुणेवर बसवायचा. रंगांचे आकडे बघून मला जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं. ते आकडे भरतकामाच्या दोऱ्यांचे आहेत. म्यूलूझ हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, तिथं 1746 साली सुरू झालेल्या डीएमसी या कंपनीचे. 310 म्हटलं की काळा, हे आम्हां टाके घालणाऱ्या बायकांना आधीपासून पाठ.

चौकोनी खडा अडीच मिलिमीटरचा. म्हणजे एका सेंटिमीटरला चार आणि चौरस सेंटिमीटरला सोळा. आमचं चित्र 40 बाय 50 सेंटिमीटरचं. हिशेब करा, बत्तीस हजार खडे. हे खडे फरशीसारखे एकाला एक लागून बसतात. खालची जमीन उंचसखल असेल तर फरशीचं जे होतं तेच इथं होतं. घडीचा उंचवटा आला की दोन खड्यांमध्ये फट पडते. घडी आत दबलेली असली की खड्यांच्या कडा एकमेकींना ढकलतात आणि एखादा टुणकन उडून सोफ्याखाली जातो. जे बसतात ते तिरपे बसतात, त्यामुळे त्या एका ओळीवरून उजेड वेगळा परावर्तित होतो आणि चित्रभर रेघ दिसते. आमच्या कॅनव्हासवर एक उभी घडी होती आणि तीन आडव्या. आडव्यांपैकी वरची नेमकी सासूबाईंच्या कपाळावरून, कुंकवाच्या जरा वरून गेली होती.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. चुरगळलेलं कापड दिसलं की आपले हात इस्त्रीकडेच जातात. सुती साडीला करतात तसं मी पाणी शिंपडलं, वाफेची इस्त्री काढली आणि समोरून, प्लास्टिकच्या बाजूनंच, कोपऱ्यावर फिरवली. प्लास्टिक आक्रसलं आणि गोंदात रुतून बसलं. तो कोपरा रिकाम्या समासाचा होता म्हणून निभावलं.

चूक कुठं झाली ते नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. सुती कापड पाणी पितं. धागा ओला होऊन सैलावतो, इस्त्रीखाली सरळ होतो आणि वाळतो तसा राहतो. म्हणून सुतीला पाणी हवंच. हा कॅनव्हास मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो आणि पॉलिएस्टर पाणी जवळपास घेतच नाही. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मग शिंपडलेलं पाणी जाणार कुठं? गोंदाच्या कडेला जाऊन बसतं, आणि ओल्या गोंदाला खडा धरत नाही. वाफेची तर आणखी एक अडचण आहे. इस्त्रीतून वाफ नीट यायची तर ती चांगली तापवावी लागते, आणि आपल्याला हवी असते सगळ्यात कमी आच. या दोन गोष्टी एका इस्त्रीत एका वेळी बसत नाहीत.

पॉलिएस्टर म्हणजे तेच आपलं जुनं टेरिलीन. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनतज्ज्ञांनी ते शोधून काढलं. टेरिकॉटच्या पँटी ज्यांनी वापरल्या आहेत त्यांना त्या पँटीची धार आठवत असेल. कितीही धुवा, धार जागच्या जागी. कारण ती उष्णतेनं बसवलेली असायची. हा धागा साधारण सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढं मऊ पडायला लागतो आणि ज्या आकारात गार होतो तो आकार धरून ठेवतो. यातला गार होण्याचा भाग आपण विसरतो. इस्त्री फिरवली, कॅनव्हास सपाट दिसला, लगेच उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकला की सगळं मुसळ केरात. गरम कॅनव्हास खुर्चीवर वाकतो आणि ते वाकणंच पक्कं होतं.

तर पद्धत अशी. प्लास्टिक काढायचं नाही. टेबलावर सपाट टॉवेल अंथरायचा, त्यावर कॅनव्हास पालथा, म्हणजे चित्र खाली आणि पाठ वर. पाठीवर जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा एक पदर. इस्त्री एका ठिपक्यावर, पाण्याची टाकी रिकामी. एक ठिपका म्हणजे फार तर एकशे दहा अंश. तेवढ्यालाही पॉलिथिनचं पातळ प्लास्टिक वितळू शकतं, म्हणून मधे कपडा हवा आणि इस्त्री सतत फिरती हवी. घडीवरून दोन-चार वेळा हलक्या हातानं न्यायची, थांबायचं, तळहात लावून बघायचा. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की पुरे. मग लगेच वर प्लायवूडचा तुकडा किंवा परातीची सपाट बाजू, आणि त्यावर जाड पुस्तकं. पूर्ण गार होईपर्यंत उचलायचं नाही. मी रात्री ठेवलं आणि सकाळी काढलं.

खडे बसवून झालेल्या चित्रावर मात्र इस्त्री कधीही नको, पाठीवरूनसुद्धा नको. खडेही प्लास्टिकचेच आहेत.

खरं तर इस्त्रीपर्यंत न जाताही पुष्कळ काम होतं, फक्त धीर लागतो. आमचे सासरे रोज रात्री पँट गादीखाली ठेवून झोपायचे. कचेरीत त्यांच्या पँटीची धार बघून लोक धोब्याचं नाव विचारत. कॅनव्हासला तोच उपाय चालतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आठवडाभर गादीखाली. पुठ्ठे हवेतच, नाहीतर गादीच्या शिवणी कॅनव्हासवर उमटतात. किंवा उलटी गुंडाळी करायची. उलटी म्हणजे चित्र बाहेरच्या अंगाला. कापडाच्या दुकानात ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागितली तर देतात, तिच्यावर गुंडाळून सैल नाडी बांधायची. रबरबँड नको, तो रुततो आणि एक घडी काढता काढता दुसरी तयार होते. सासूबाई पैठणी दरवर्षी बाहेर काढून तिची घडी मोडत, दुसऱ्या रेघेवर घालत आणि परत ठेवत, नाहीतर जर त्याच रेघेवर तुटते. घरात कोऱ्या कॅनव्हासची पाकिटं साठवून ठेवणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत. त्यांना मी हेच सांगते, निदान पाकिटातून काढून गुंडाळून तरी ठेवा.

इथवर मी फक्त कापडाच्या घडीबद्दल बोलले. या कॅनव्हासवर आणखी दोन तऱ्हेच्या सुरकुत्या असतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत. रेडिओवरून मला त्या दाखवता येत नाहीत, पण हाताशी वर्तमानपत्र असेल तर त्याचं एक पान घ्या आणि त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी पसरा. दोन्हींची मिळून घडी घाला आणि उलगडा. कागद जवळपास सपाट होईल, पिशवी मात्र चुणीदार राहील. कॅनव्हासवरच्या प्लास्टिकचं हेच होतं. घडीमुळं त्याला चुण्या पडतात, चुण्यांखाली हवा शिरते आणि जिथं हवा लागते तिथला गोंद हळूहळू दुबळा होतो. शिवाय आपल्याकडं डोक्यावर पंखा फिरत असतो आणि खिडकीतून धूळ येत असते. चुरगळलेलं प्लास्टिक एकदा उचललं की ते पूर्वीसारखं बसत नाही. त्याच्याशी झटापट करू नका. हातभर पट्टीपुरतं उचला, कात्रीनं कापून टाका आणि जागेवर बटर पेपर लावा.

इथं एक खुलासा करायला हवा. आपल्याकडं बटर पेपर नावाच्या दोन वस्तू मिळतात. चित्रकलेच्या दुकानातला बटर पेपर म्हणजे चित्र गिरवायचा पारदर्शक कागद. तो या गोंदाला असा चिकटतो की फाडूनच काढावा लागतो. आपल्याला हवा तो बेकरीचा, केक भाजताना भांड्याला लावतात तो. तरीही आधी एका कोपऱ्यावर लावून, उचलून बघा. मी त्याचे वीतभर तुकडे केले आणि चित्रभर कौलांसारखे लावले. जेवढं काम करायचं तेवढंच कौल उचलायचं.

तिसरी सुरकुती सगळ्यात वाईट, कारण ती गोंदाच्या आत असते. काही कॅनव्हासवर गोंद ओतून पसरवलेला असतो. काहींवर तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यासारखा बसवलेला असतो. हा पट्टा बसवताना किंवा घडीमुळं सुरकुतला की त्यात पांढरट नागमोडी रेघा दिसतात. हे काम करणारे लोक त्यांना रिव्हर, म्हणजे नदी म्हणतात. नाव चपखल आहे, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या ओढ्याच्या पात्रासारख्याच त्या दिसतात. त्या रेघेवर खडा ठेवला तर तो धरत नाही. ओतलेल्या गोंदाला नद्या नसतात, तेव्हा विकत घेताना गोंद कोणता ते विचारून घ्यावं. घडीऐवजी गुंडाळी करून पाठवणारे विक्रेतेही असतात. लांब नळकांड्याचं पार्सल महाग पडतं, म्हणून स्वस्तातला माल घडी घालून येतो.

नदीवर माझा उपाय असा. बारीक सुईनं रेघेवर जागोजाग टोचायचं, म्हणजे अडकलेली हवा निघते. वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबत न्यायचं, मधून कडेला. हा गोंद दाबाखाली फार सावकाश सरकतो, त्यामुळे एका दमात काही दिसत नाही. दाबा, वजन ठेवा, दुसऱ्या दिवशी परत दाबा. एवढं करूनही जिथं गोंदच उरला नाही तिथं खडा बसवताना मुलांच्या दप्तरातला पांढरा गोंद काडीच्या टोकानं लावायचा, अगदी मोहरीएवढा.

सासूबाईंच्या कपाळावर या तिन्ही सुरकुत्या एकावर एक होत्या. कापडाची घडी गादीनं आणि इस्त्रीनं गेली. प्लास्टिक मी कापून टाकलं. नदी राहिली. रोज दुपारी चहाच्या आधी दहा मिनिटं चमचा घेऊन बसायची. आमचे हे म्हणाले, "आई असताना तू तिच्या कपाळाकडं इतकं बघितलं नाहीस." खरंच होतं. त्या रागावल्या आहेत का, एवढंच चोरून बघायची आणि स्वयंपाकघरात पळायची.

बसवताना एक युक्ती उपयोगी पडली. घडीच्या रेघेपासून सुरुवात करायची नाही. दोन्ही बाजूंनी ओळी भरत रेघेकडं यायचं. आजूबाजूच्या खड्यांचं वजन आणि पकड मिळाल्यावर कापडही थोडं ताणलं जातं आणि मधली ओळ शेवटी नीट बसते. एक पट्टी पूर्ण झाली की बटर पेपर ठेवून त्यावरून लाटणं फिरवायचं, पोळी लाटतो तसं, पण जोर पापडाचा. चित्र पूर्ण झाल्यावर ते शक्यतो गुंडाळू नये. गुंडाळावंच लागलं तर खडे बाहेरच्या बाजूला ठेवायचे. आत ठेवले तर ते एकमेकांवर रेटून निखळतात.

फाल्गुनात चित्र पूर्ण झालं. नऊवारी, कानात कुड्या आणि फोटोग्राफरनं सांगूनही न हसलेला चेहरा. फ्रेमवाल्याकडं नेलं. त्यानं सनबोर्डवर ताणून बसवलं, दिव्याखाली तिरपं धरून बघितलं आणि म्हणाला, "काकू, बाकी सगळं झकास आहे, पण कपाळावर एक बारीक रेघ राहिलीय. तिथले खडे काढून परत बसवता का?"

मी नको म्हटलं. ज्यांनी सासूबाईंना पाहिलं होतं त्यांना ती रेघ खटकणार नव्हती.