माळावरचे गुणवंत

निसर्गातील नवलाई सांगणारी पुस्तके आपण वाचतो, तसले चित्रपट पाहतो. त्यांत विजेचा धक्का देणारा मासा असतो, या ध्रुवाकडून त्या ध्रुवाकडे जाणारे पक्षी असतात. ते सारे खरेच आहे. पण त्यामुळे आपली एक समजूत होऊन बसते, की नवल म्हणून जे काही आहे ते दूर कोठेतरी, ॲमेझॉनच्या अरण्यात नाहीतर समुद्राच्या तळाशी असावयाचे. आपल्या वाशीम जिल्ह्यात कसले आले नवल! इथे सोयाबीन, तूर, पऱ्हाटी आणि मधूनमधून पडीक माळ. आज मी तुम्हांला त्या पडीक माळावरच नेणार आहे. ‘पडीक’ हा शब्द मात्र धुऱ्यावरच ठेवून यायचा.

सुरुवात अगदी क्षुल्लक वस्तूपासून करू. कार्तिकात माळ तुडवून घरी आले, की धोतराच्या काठाला, लुगड्याला, हल्लीच्या पँटीच्या पायांना कुसळे टोचून बसलेली असतात. आपण ती चिमटीने उपटतो आणि वैतागून फेकून देतो. पुढच्या वेळी एक वाळलेले कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. ते आपले आपण फिरू लागेल. कुसळाची लांब शेपटी सुकली की दोरीसारखी पिळली जाते, आणि भिजली की तो पीळ उलगडतो. रात्री दहिवर पडले की ती उलगडते, दुपारी उन्हाने पुन्हा पिळते. या उलट-सुलट फिरण्याने टोकाचे बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात. त्यांच्यामुळे पुढे सरकलेले बी मागे येत नाही; आपल्या धोतरातूनही ते सरळ निघत नाही, याचे कारण हेच. माळाला वणवा लागला तरी मातीत शिरलेले बी वाचते आणि मृगाच्या पावसाची वाट पाहते. हात नाहीत, पाय नाहीत, जीव म्हणावा तर तोही झोपलेला. आणि तरी रोजच्या ऊन-दवावर चालणारे हे यंत्र!

हीच युक्ती, भिजले की उलगडण्याची, याच माळावर आणखी एकाजवळ आहे. तो म्हणजे पखुर्डी हा पक्षी. कबुतराएवढा, मातकट रंगाचा, जमिनीला चिकटून बसला तर दहा पावलांवरूनही न दिसणारा. पखुर्डीचे खाणे म्हणजे कोरडे बी, त्यामुळे तिला पाण्याला जावेच लागते. मोठ्यांचे ठीक आहे, ती थव्याने उडत तळ्यावर जातात. पण उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर जन्मलेली पिल्ले, ज्यांना अजून उडता येत नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी बाप पाणी आणतो. चोचीतून नव्हे, पोटाच्या पिसांतून! तो तळ्याच्या काठाला पाण्यात उतरून बसतो, अंग हलवून पोटाची पिसे भिजवतो आणि उडत घरी येतो. पिल्ले त्याच्या पोटाखाली शिरून ओल्या पिसांतून चोचीने पाणी ओढून घेतात.

मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षीपालकाने १८९६ साली आपल्याकडच्या पिंजऱ्यातील पक्ष्यांवरून ही गोष्ट लिहिली, तेव्हा पुष्कळ जाणत्यांना ती थाप वाटली. पुढे १९६७ साली केड आणि मॅक्लीन या दोघा शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत तपास करून ती खरी ठरवली. त्या पिसांच्या बारीक तंतूंना सुकेपणी वेटोळे असते. पाणी लागले की वेटोळे उलगडून तंतू उभे राहतात आणि त्यांच्या दाटीत पाणी अडकते. आफ्रिकेतील एका जातीच्या नरावर केलेल्या मापनात एका खेपेला सुमारे २५ मिलिलीटर पाणी भरले, म्हणजे चहाचे पाच चमचे. पक्ष्याच्या वजनाच्या जवळजवळ सातव्या हिश्शाएवढे. वाटेत उन्हाने थोडे उडून जाते, उरलेले लेकरांचे.

टिटवीही उन्हाच्या दिवसांत पोट भिजवून येते, पण तिला अंडी गार करावयाची असतात. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा, असे आपल्याकडे जुने लोक म्हणतात. त्या भाकिताच्या वादात मी शिरत नाही. घरट्याजवळ कुत्रे आले की पंख मोडल्याचे सोंग करून त्याला भलतीकडेच नेणारी टिटवी मला तिच्या भाकितापेक्षा अधिक शहाणी वाटते.

माळाचा खरा राजा म्हणाल तर काळवीट. कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ येथे खास त्याच्यासाठी २००० साली अभयारण्य झाले. क्षेत्र साधारण १८ चौरस किलोमीटर. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावतो. आता विचारा, इतके कशाला? लांडग्यापासून वाचावयाला एवढा वेग लागत नाही, कुत्र्याला तर नाहीच. याचे उत्तर आज आपल्या माळावर नाही. ते होते चित्त्यात. हजारो पिढ्या चित्ता मागे आणि काळवीट पुढे अशी शर्यत चालली होती आणि तीतच हे पाय घडले. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ते आपल्याकडच्या चित्त्यांपैकी शेवटचे नोंदलेले; १९५२ साली हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ पासून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आफ्रिकेतले चित्ते आणून सोडले आहेत, पण वऱ्हाडातल्या काळविटाला त्याचे काय? पाठलाग करणारा गेला, धावणे मागे राहिले.

या सर्वांत मला अधिक बोलावयाचे आहे ते तणमोराबद्दल. माळढोकाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. गावठी कोंबडीहूनही हलका, नराचे वजन जेमतेम अर्धा किलो. मादी त्याहून थोडी भारी. बाकीचे वर्ष तो कोठे असतो याचा फारसा गाजावाजा होत नाही. पण पावसाळा लागला, गवत गुडघ्याच्या वर आले, की तो विणीसाठी माळावर हजर होतो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि आपल्याकडे अकोला-वाशीमचा हा टापू, एवढ्याच काय त्या त्याच्या मुख्य जागा उरल्या आहेत.

विणीच्या दिवसांत नर काळाभोर होतो, पंखांवर पांढरे पट्टे, आणि डोक्यामागून वर वळलेली काळ्या पिसांची लांब तुरेवजा शोभा. आता अडचण पाहा. नवरदेव सजला आहे, पण उभा आहे गवतात, आणि गवत त्याच्याहून उंच! मादीला तो दिसणार कसा? मोर पिसारा फुलवतो तो मोकळ्या जागी. याच्याजवळ मोकळी जागा नाही. म्हणून तो उडी मारतो. पंख फडफडवीत सरळ वर, दीड-दोन मीटर, मान मागे वाकवलेली, पाय पोटाशी घेतलेले. क्षणभर गवतावर काळे-पांढरे काहीतरी चमकते आणि दगड पडावा तसा तो पुन्हा गवतात गडप. पंखाची टोकाची पिसे मुद्दाम तासल्यासारखी अरुंद असतात. त्यांतून हवा जाताना खडखड असा आवाज उठतो, आणि तो तीनशे-चारशे मीटरपर्यंत ऐकू जातो. चमक दिसली नाही तरी आवाज पोचतो.

अशा उड्या किती? सौराष्ट्रात अभ्यासकांनी मोजल्या, तर एकेका नराच्या दिवसाला पाचशे-सहाशेपर्यंत भरल्या. सहाशे उड्या आणि दर उडीला दोन मीटर धरले, तर दिवसाकाठी बाराशे मीटरची चढण झाली. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे हा अर्ध्या किलोचा जीव श्रावणात रोज जवळजवळ पाऊण कळसूबाई चढतो, तोही उभ्याने! मादी तिकडे गवतात तीन-चार अंडी घालून एकटीच त्यांच्यावर बसते. तिचा रंग वाळक्या गवताचा, त्यामुळे अगदी जवळून गेलो तरी ती दिसत नाही. एकाचा सारा जीव दिसण्यात, दुसरीचा न दिसण्यात. आणि दोन्ही गुण अर्थपूर्ण होतात ते गवतामुळे.

गवत काढून घेतले की याच गुणांचे काय होते, तेही पाहावे. पूर्वी बंदूकवाल्यांना तणमोर सापडे तो त्याच्या उडीमुळेच. उडी म्हणजे निशाण्याला बोलावणे. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण आता ई-क्लासच्या जमिनी कुठे नांगरल्या गेल्या, कुठे फार चराई होऊन उघड्या पडल्या; आणि काही ठिकाणी चांगल्या हेतूने त्यांवर झाडे लावली गेली. झाडे लावणे पुण्याचे, हे मान्य. पण काळविटाला लांबवर नजर टाकता आली पाहिजे आणि तणमोराला उडी दिसेल असा खुला माळ पाहिजे. दाट झाडीत या दोघांचेही गुण वाया जातात. आपण माळाला ‘ओसाड’ म्हणतो, आणि म्हणून तो भरून काढावयास धावतो. मला वाटते या एका शब्दाने जितके नुकसान केले तितके बंदुकीनेही केले नसेल.

मग तणमोर जातो कोठे? तो येतो आपल्या वावरात. जून-जुलैत पेरलेले सोयाबीन श्रावणात गुडघ्याला लागते, हिरवेगार, दाट. पक्ष्याच्या हिशेबाने तेही गवतच. तो तेथे उड्या मारतो, मादी तेथे अंडी घालते. आणि त्याच दिवसांत डवरणी असते, निंदण असते, फवारणी असते. डवऱ्यामागे चालणाऱ्या माणसाला मादी दिसत नाही, कारण न दिसणे हीच तिची विद्या. धोका अगदी अंगावर येईपर्यंत ती अंडी सोडून हलत नाही. जी युक्ती कोल्ह्यापुढे उपयोगी पडली ती डवऱ्यापुढे पडत नाही. देशातल्या तणमोरांची संख्या १९९९ ते २०१८ या काळात सुमारे ८० टक्क्यांनी घटली, असा पाहणीचा अंदाज आहे, आणि २०२१ साली त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली.

इथे आणखी एका गुणी समाजाचा उल्लेख केला पाहिजे. फासेपारध्यांचा. तित्तिर-लाव्यांचा आवाज हुबेहूब काढणे, गवत कोणत्या बाजूला वाकले आहे त्यावरून पक्षी कोठे गेला ते सांगणे, ही विद्या त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली. इंग्रजी अमदानीत पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातला शिक्का मात्र इतक्या लवकर पुसला गेला नाही. कारंज्याच्या ‘संवेदना’ या संस्थेबरोबर याच समाजातील माणसे अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर शोधण्याचे आणि गवत राखण्याचे काम करीत आली आहेत. फासा लावावयाला जी नजर लागे, घरटे वाचवावयाला तीच लागते. विद्यापीठातून पदवी घेऊन आलेल्याला पक्षी दिसावयाला आठवडा लागतो, तिथे यांना एक सकाळ पुरते. यात मला नवल वाटत नाही. माळाचे शिक्षण माळावरच होते.

आपण काय करू शकतो, असे कोणी विचारील. श्रावण-भाद्रपदात, विशेषतः सकाळ-संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी, गवतातून किंवा पिकातून खडखड ऐकू आली आणि काळे-पांढरे काही उसळून पुन्हा बुडाले, तर जवळ जाऊ नये. मोबाईल घेऊन तर मुळीच धावू नये. वनखात्याला कळवावे. डवरताना अंडी दिसली, तर ती उचलून दुसरीकडे ठेवण्याचा उपकार करू नये. भोवतालची दोन-चार तासे तशीच सोडावीत. अंड्यांतून पिल्ले बाहेर यावयाला तीन आठवडे लागतात आणि पिल्ले लवकरच आईमागे चालू लागतात. ई-क्लासचे गवत कापावयाचे असेल तर दसऱ्यापर्यंत थांबावे. बियाणे पडून जाते, पुढच्या वर्षीचे गवतही दाट येते, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचाही तोटा नाही.

मध्य प्रदेशात रतलामजवळ सैलाना येथे तणमोरासाठी १९८३ साली अभयारण्य केले. त्या भागात आपल्या शेतात तणमोर असल्याचे कळवून त्याला राखणाऱ्या शेतकऱ्याला वनखात्याने बक्षीस देण्याची पद्धत सुरू केली. तशी काही सोय आपल्याकडे गावोगाव व्हावी असे मला वाटते. चार तासे सोयाबीन सोडावयाचे म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ती काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे, आणि पक्षी साऱ्यांचा असताना तो खर्च एकट्या वावरवाल्याने का सोसावा?