अंगणातील हंगामी फुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एवढ्या विद्वान वक्त्यांच्या मागून एका जुन्या मास्तराने फुलझाडांवर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गौरीला तेरडा आणि दसऱ्याला झेंडू लागत नाही, असे घर आपणांत विरळाच. आणि ही फुले जेथे अंगणात उमलतात, असे घरही आता विरळाच झाले आहे. म्हणून हा विषय मी घेतला.

मोगरा, जास्वंद एकदा लावली की वर्षानुवर्षे फुलतात. तेरडा, झेंडू, झिनिया यांचे तसे नाही. एकाच हंगामात उगवावे, फुलावे, बी धरावे आणि सुकून जावे, हा त्यांचा क्रम.

लावणी कठीण नाही. झेंडूचे बी जूनच्या आरंभी वाफ्यात अथवा कुंडीत विरळ पेरावे व जेमतेम झाकेल एवढीच माती वर घालावी. तीन-चार आठवड्यांनी रोपे फूटभर अंतरावर लावावीत. ती जोम धरू लागली की शेंडा खुडावा. म्हणजे फांद्या फुटून फुले अधिक येतात. ऊन भरपूर हवे, पाणी मात्र साचू देऊ नये. तेरडा पहिल्या पावसाबरोबर जागीच पेरावा. त्याला थोडी सावलीही चालते.

खरी कसोटी बी राखण्यात आहे. माझीच फजिती सांगतो. आमच्या परसात आईने लावलेला फिकट गुलाबी, दुहेरी पाकळ्यांचा तेरडा होता. आई गेल्यानंतरच्या वर्षी, बोंडे पुरती वाळल्यावर बी काढू, म्हणून मी थांबलो. पिकलेले बोंड नुसत्या स्पर्शाने फुटते व बी दूर उडते, हे मी वर्गात मुलांना शिकवीत असे! त्याच वर्षी परसात फरशी बसविलेली. उडालेले बी रुजणार कोठे? पुढे तीन वर्षे गौरीला तेरडा बाजारातून आला.

चौथ्या वर्षी आतेबहिणीकडे गेलो, तो तिच्या दारात तोच गुलाबी तेरडा! “मामीने माझ्या लग्नानंतर पुडी दिली होती,” ती म्हणाली. मला क्षणभर बोलवेना. येताना तिने पदराच्या गाठीतून बी दिले.

तेव्हापासून बोंडे फुगून पिवळसर होताच मी त्यांना तलम फडक्याची पिशवी बांधतो. झेंडूचे सर्वांत टपोरे फूल तोरणात ओवण्याचा मोह होतो. परंतु तशी दोन-चार फुले झाडावरच वाळू द्यावीत. बी सावलीत सुकवून, कोरड्या बाटलीत, नाव व वर्ष लिहून ठेवावे. बाजारच्या संकरित झाडाचे बी धरल्यास पुढील फुले तशीच येतील, असा भरवसा नसतो. यास्तव घरातील जुने वाण जपावे.

दाराजवळच्या टेबलावर त्या तेरड्याच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक घराने एक न्यावी. पुढील संमेलनास आपल्या अंगणातील बी आणावे; माझ्यासारखे ज्याचे वाया गेले असेल, त्यास ते उपयोगी पडेल.